औषधाची चिठ्ठी कोणत्या भाषेत?

सीमाभागातल्या मराठी माणसाला पाट्यांवर बोलायला सांगितले तर तो रात्रभर बोलेल. दुकानाची पाटी, बसवरची पाटी, गावाच्या वेशीवरची पाटी. आम्हीही बोललो आहोत, कितीतरी वेळा लिहिले आहे, आणि त्यातला एकही शब्द मागे घेण्याची आमची तयारी नाही. परंतु या वेळी एका वेगळ्याच कागदाबद्दल लिहायचे आहे. तो भिंतीवर लागत नाही. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही. तो सदऱ्याच्या खिशात चार घड्या करून ठेवलेला असतो आणि औषधे संपली की त्याच्याच घडीत दुकानदाराचे बिल जाऊन बसते. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणतात त्याला.

कोरोनाची ती दोन वर्षे लोक आता विसरू लागले आहेत. विसरावे असेच दिवस होते ते. तरीही आम्ही हा विषय मुद्दाम काढत आहोत, कारण त्या काळातला एक हिशेब आमच्या डोक्यावर बाकी आहे. आमच्या म्हणजे आम्हा मंडळवाल्यांच्या. तो पुढे सांगतोच.

आधी आपल्या घरांमधली एक जुनी गोष्ट सांगायला हवी. बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, खाली खानापूर, वर निपाणी, कुठेही जा. आपल्या वडीलधाऱ्या माणसांना कन्नड येते. बाजारात येते, कचेरीत येते, शेजारच्या बाईशी भांडायलाही येते. पण ते जिभेचे कन्नड आहे, डोळ्यांचे नव्हे. साठी ओलांडलेल्या कितीतरी बाया आणि बाप्ये कन्नड सरसर बोलतील, परंतु कन्नड अक्षर समोर आले की नातवाला हाक मारतील. त्यांची शाळा मराठी होती, पंचांग मराठी, वर्तमानपत्र मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदलले म्हणून माणसाचे डोळे बदलत नाहीत. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला हे कळत नाही. म्हातारा आपल्याशी कन्नडमध्ये बोलला, म्हणजे त्याला कागदही वाचता येत असणार, असे त्याला वाटते. आणि आपला म्हातारा मानी. वाचता येत नाही असे तो सांगत नाही, मान हलवून कागद खिशात घालतो.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गल्लीत घरोघरी जे कागद आले ते असेच खिशात गेले. घरीच वेगळे कसे राहायचे, ताप किती वेळा मोजायचा, बोटाला लावायच्या त्या यंत्रावर आकडा ९४ च्या खाली गेला तर काय करायचे, गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हे सगळे त्यावर होते. व्यवस्थित होते. कन्नडमध्ये होते. ते घेऊन येणारी आशाताई स्वतः कन्नड घरातली, पण मोडक्यातोडक्या मराठीत दारात उभी राहून समजावून सांगत होती. तिचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण ती एका दारात किती वेळ उभी राहणार? तिच्या वहीत त्या दिवशी आणखी किती घरे होती कोण जाणे. ती गेली की घरात उरायचा तो कागद, आणि जो नातू तो वाचून दाखवायचा तो पुण्यात कंपनीच्या खोलीत अडकलेला. मग कागदाचा फोटो काढून पुण्याला पाठवायचा, नातवाने रात्री काम संपल्यावर फोन करून सांगायचे, आणि आजीने पुन्हा विचारायचे, "म्हणजे जेवायच्या आधी की नंतर?" त्या कागदावर 'ऊटद नंतर' असे लिहिलेले असे. यातला 'नंतर' आपलाच आहे बरे का. तोंडी ऐकला असता तर आजीला क्षणात कळला असता.

दुसरी गंमत टीव्हीची. गंमत म्हणायचे, हसू मात्र येत नाही. आपल्या घरांत बातम्या लागतात मुंबईच्या. महाराष्ट्रात १४ एप्रिल २०२१ पासून 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागले, तेव्हा आमच्या गल्लीतली अर्धी दुकाने धास्तीने बंद झाली. आमच्याकडे मात्र टाळेबंदी लागायची होती २७ एप्रिलच्या रात्रीपासून. मदतीचे दूरध्वनी क्रमांक पडद्यावर सरकत जात, लोक पाठ करून ठेवत, आणि वेळ आली तेव्हा तो क्रमांक महाराष्ट्राचा निघे. लसीची नोंदणी कुठे, खाट कुठे विचारायची, तपासणी कुठे फुकट होते, याबद्दल आपली माणसे मराठीत ऐकत होती ते सगळे खरे होते, पण दुसऱ्या राज्याचे होते. आणि जे आपल्या राज्याचे होते ते मराठीत कुणी सांगत नव्हते. घरातला आवाज मुंबईचा आणि दारातला नियम बंगळूरचा, अशी ती स्थिती होती. सीमाभाग म्हणजे काय, हे नकाशावर बोट ठेवून सांगण्यापेक्षा यावरून चांगले कळते.

या दोन्हींच्या मधली जागा कोणी भरली? व्हॉट्सॲपने. आणि इथे आमचा हिशेब सुरू होतो.

आमच्या मंडळाचा एक गट होता, आजही आहे. एरवी त्यावर वाढदिवस, व्याख्यानमालेचे निमंत्रण, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची वेळ आणि सकाळचे गणपती एवढेच असे. मे २०२१ मध्ये त्यावर एका चिठ्ठीचा फोटो आला. कुठल्या तरी शहरातल्या कुठल्या तरी डॉक्टरांनी कुठल्या तरी रुग्णाला दिलेली चिठ्ठी. वर कुणीतरी मराठीत लिहिले होते: 'कोरोनाचे पूर्ण औषध, दवाखान्यात जायची गरज नाही, सर्वांना पाठवा.' आम्ही ते पाहिले. गट चालवणाऱ्यांमध्ये आम्हीही होतो. पुसून टाकणे आमच्या हातात होते. आम्ही पुसले नाही. एवढेच नव्हे तर आमच्यापैकी एकाने ते आणखी दोन गटांवर पाठवले. चांगल्या मनाने पाठवले, यात शंका नाही. मराठीत होते ना. इतक्या दिवसांत मराठीत आलेला तो पहिला स्वच्छ, ठाम कागद होता.

त्या चिठ्ठीत एक गोळी स्टेरॉईडची होती. स्टेरॉईडबद्दल २०२० च्या जूनमध्येच इंग्लंडमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या चाचणीतून निष्कर्ष निघाला होता. ज्यांना कृत्रिम श्वास द्यावा लागत होता अशांचे मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ज्यांना नुसता प्राणवायू लागत होता त्यांचे सुमारे एक पंचमांशाने. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. मात्रा दिवसाला ६ मिलिग्रॅम, तीही जास्तीत जास्त १० दिवस. म्हणजे हे औषध कोणाला, केव्हा आणि किती दिवस, यातच त्याचा सगळा गुण. साध्या तापाच्या पहिल्या दिवशी मधुमेही माणसाने ते घेतले तर उपयोग काही नाही, रक्तातली साखर मात्र चढते. फोटोतल्या चिठ्ठीवर नावे होती. केव्हा सुरू आणि केव्हा बंद, हे फोटोच्या कडेला कापले गेले होते.

शहापुरातले एक काका. आयुष्यभर एका पेढीवर हिशेब लिहिले, वय सत्तरीच्या जवळ, मधुमेह जुना. ताप आला. तपासणी केली नाही, कारण तपासणीत निघाले तर घरातून घेऊन जातात आणि गल्लीत बोलबाला होतो, ही भीती. त्यांचे मधुमेहाचे डॉक्टर कोल्हापूरचे, तिथे जाणे बंद झालेले, आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या तापात 'गरम पडतील' म्हणून काकांनी स्वतःच थांबवलेल्या. मग गटावरची चिठ्ठी दुकानात दाखवून औषधे आणली. दुकानदाराने दिली. पाच दिवसांत ताप उतरला, तो बहुधा आपसूकच उतरला असता. पण 'पूर्ण औषध' म्हटले होते म्हणून काका गोळ्या घेतच राहिले, तीन आठवडे. पुढे गाल दुखू लागला, नाकातून काळपट येऊ लागले. दवाखान्यात नेले तेव्हा साखर चारशेच्या वर. त्या वेळी सगळीकडे 'काळी बुरशी' म्हणून जे बोलले जात होते ते म्युकरमायकोसिस. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितले होते, इतके त्याचे रुग्ण वाढले होते. काका वाचले. उजवा डोळा काढावा लागला.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा काय बोलावे सुचेना. काकांनीच विषय काढला. रागावले नाहीत. "तुमच्या गटावर आलं म्हणून घेतलो की," एवढेच म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितले.

तेव्हापासून आम्हाला पाट्यांवर बोलताना थोडे थांबून बोलावे लागते.

यात शासनाचा दोष नाही काय? आहे, आणि तो साधा नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र आणि राज्यांनी १९५६ नंतर जी संरक्षणे मान्य केली, त्यांत एक स्पष्ट आहे: जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, त्या भाषेत महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम प्रसिद्ध झाले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बेळगाव जिल्ह्यात मराठी बोलणारे १५ टक्क्यांच्या वर आहेत. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत तर त्याच्या कितीतरी पुढे. घटनेच्या ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्तही आहे. आजवर आम्ही ही कलमे दाखवून मतदार यादी मागितली, सात-बाराचा उतारा मागितला, परिपत्रके मागितली. या सगळ्या वर्षांत औषधाच्या कागदाची मराठी प्रत आम्ही एकदाही मागितली नाही. निवेदनांची फाइल आम्ही काढून पाहिली. नाही मागितली. ज्या कागदावर जीव अवलंबून आहे तो मागण्यांच्या यादीत नव्हताच.

आता कोणी म्हणेल, साथीच्या घाईत भाषांतर कुठून करणार? आमचे म्हणणे, तेव्हाच करायचे. लसीच्या नोंदणीचे 'कोविन' संकेतस्थळ आरंभी इंग्रजीत होते. जून २०२१ मध्ये ते हिंदीसह मराठी, कन्नड आणि इतर प्रादेशिक भाषांत उपलब्ध झाले. केंद्राला लसीकरण सुरू झाल्यावर पाच महिन्यांत जमले. एका जिल्ह्यात दोन पानांचा कागद दोन भाषांत छापणे त्याहून अवघड नव्हते. आणि भाषांतर करणारे? आपल्या मराठी शाळांतले निवृत्त शिक्षक घरी बसून होते. एकानेही विचारले असते तर रात्रीत करून दिले असते. कोणी विचारले नाही आणि आम्हीही आपणहून गेलो नाही. आम्हाला तेव्हा सुचलेच नाही.

आणखी एक गोष्ट आपण आपल्या माणसांना नीट समजावली नाही. साथीच्या काळात डॉक्टरांचे सांगणे बदलत होते. मार्च २०२० मध्ये मलेरियाची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून सुचवली गेली. लोकांनी ती घरात भरून ठेवली आणि संधिवाताच्या ज्या बायकांना ती रोज लागते त्यांना दुकानात मिळेना. सप्टेंबर २०२१ मध्ये ती राष्ट्रीय उपचारपद्धतीतून वगळली गेली, बरोबर आयव्हरमेक्टिनही. प्लाझ्मासाठी लोक रात्री-अपरात्री धावले. भारतातल्याच चाचणीत त्याचा उपयोग दिसला नव्हता आणि मे २०२१ मध्ये तोही यादीतून गेला. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मग मार्च २०२१ मध्ये ६ ते ८, मग मे महिन्यात १२ ते १६. आमच्या कट्ट्यावर याचा अर्थ एकच निघाला: 'यांना काही कळत नाही, रोज एक सांगतात.' असे म्हणून पुष्कळांनी दुसरी मात्रा लांबवली, काहींनी घेतलीच नाही. नवा रोग आहे, जसे कळत जाईल तसे सांगणे बदलेल, हे त्यांना मराठीत आधीच कोणी सांगितले असते तर बदलाचा अर्थ लबाडी असा निघाला नसता. 'पूर्ण औषध, सर्वांना पाठवा' हे मात्र कधी बदलत नव्हते. म्हणूनच त्यावर विश्वास बसला.

आपल्या लोकांचा औषधाशी असलेला संबंधच जरा वेगळा आहे, हेही मान्य करावे लागेल. आपण औषध घेतो त्यापेक्षा पथ्य निष्ठेने पाळतो. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना आपला शेवटचा प्रश्न असतो, "पथ्य काय?" वांगे चालेल का, ताक चालेल का, हरभऱ्याची डाळ चालेल का. "सगळे खा" म्हटले की त्या डॉक्टरांवरचा विश्वासच थोडा कमी होतो. गोळी किती दिवस घ्यायची, मध्ये चुकली तर काय करायचे, दुसऱ्या गोळीबरोबर चालते का, हे प्रश्न मात्र आपल्या तोंडी येत नाहीत. कोरोनात घराघरांत काढ्याची पातेली चढली. दालचिनी, मिरी, सुंठ, गवती चहा, जो तो आपापल्या प्रमाणाने. एक आजी दिवसातून पाच वेळा काढा घेत होत्या, नेमाने, घड्याळ लावून. त्याच काळात त्यांनी रक्तदाबाची गोळी 'आता दवाखाना बंदच आहे' म्हणून सोडली होती. नेम होता, फक्त चुकीच्या वस्तूला लागला होता. हाच नेम गोळीला लागला तर आपल्यासारखी शिस्तीची माणसे शोधून सापडणार नाहीत. वर्षानुवर्षे चतुर्थी न चुकवणाऱ्या बाईला सकाळची एक गोळी जड नाही.

साथीत कोरोनापेक्षा या सुटलेल्या गोळ्यांनी जास्त घात केला असावा, अशी आम्हाला पुष्कळदा शंका येते. आपल्यापैकी कितीतरी जणांचे जुने डॉक्टर मिरजेचे, कोल्हापूरचे. मिरजेला जाणे ही तर आपल्याकडे आजोबांपासूनची रीत. कोगनोळीचा नाका अडला आणि ती वाट तुटली. पलीकडे चंदगड, गडहिंग्लजच्या लोकांचीही हीच गत. त्यांचे दवाखाने बेळगावात. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा दाखला सक्तीचा झाला. साखरेच्या गोळ्यांसाठी कोण तपासणी करून घेतो? क्षयाचे तर विचारूच नका. देशभरात २०१९ मध्ये क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. रोग कमी झाला नव्हता, शोधणे थांबले होते. हा रोग सहा महिने सलग औषध मागतो. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सोडतो. मग तोच जंतू औषधाला दाद देईनासा होऊन परत येतो. 'बरं वाटलं' आणि 'बरा झालो' यांत किती अंतर आहे, हे कोणत्या तरी भाषेत त्या माणसाच्या कानात पडले पाहिजे, आणि ती भाषा त्याच्या घरात बोलली जाणारी असली पाहिजे.

२०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. त्या वादात आपली बाजू कोणती हे सांगायला नको. पण विम्याच्या कार्डाने शस्त्रक्रिया होते. घरी आल्यावर रोजची गोळी कार्ड देत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हाताऱ्याचा रक्तदाब त्या निकालासाठी थांबायचा नाही.

आता जे लिहिणार आहोत ते काही वाचकांना आवडणार नाही. आमच्या बैठकीतही आवडले नाही, दोघे उठून गेले. आमचे म्हणणे असे की मराठी कागदाची मागणी जोराने करावीच, आणि तो येईपर्यंत चिठ्ठीपुरती कन्नड अक्षरे शिकून घ्यावीत. तीस-चाळीस शब्द आहेत सारे. 'मात्रे' म्हणजे गोळी. आपल्या आजीची मात्रा आठवा. 'दिनक्के एरडु सल' म्हणजे दिवसातून दोन वेळा. 'निल्लिसबेडि' म्हणजे थांबवू नका. हे शब्द आपण बोलतो, ऐकतो, फक्त ओळखत नाही. लिपी ओळखली म्हणून कोणी मराठीपण गमावत नाही. आपले आजोबा मोडी लिहीत, तमिळ मुलखात गेलेले तंजावरचे मराठे तिथली लिपी शिकले आणि घरात मराठी राहिले. आमचे भांडण कन्नडशी कधीच नव्हते. सक्तीशी होते आणि आहे. उठून गेलेल्यांपैकी एकजण दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "तत्त्व म्हणून मान्य नाही, पण आईच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय तेवढं सांगा." आम्ही सांगितले.

आरोग्याच्या बाबतीत आपले गाव काही मागासलेले नव्हे. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो रोज फिरायला जाणाऱ्यांना ठाऊकच आहे. इंग्रजी अमदानीत तिथे देवीची लस तयार होत असे, आणि जानेवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीचे पहिले खोके येऊन तिथेच ठेवले गेले. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या त्यांतले एक केंद्र बेळगावात होते. लस बनवणारे, तपासणारे, साठवणारे गाव हे. त्याच गावात एक सुशिक्षित हिशेबनीस कापलेल्या फोटोवरून तीन आठवडे स्टेरॉईड घेतो, याची लाज आम्हाला आमच्या वाट्याची घ्यावी लागेल.

तर आम्ही काय करतो आहोत ते सांगतो. निवेदन तयार झाले आहे: जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत औषध कसे घ्यावे याचे कागद, साथीच्या सूचना आणि लसीकरणाची माहिती मराठीतही मिळावी, १५ टक्क्यांच्या नियमाप्रमाणे. या एका मागणीचे स्वतंत्र निवेदन, त्यात दुसरे काही नाही. ते नेहमीच्या अठरा मागण्यांच्या शेपटीला बांधायचे नाही, असे ठरले आहे. सह्या वाचनालयात सुरू आहेत.

गटावर औषधाचे नाव असलेला कोणताही फोटो आता ठेवला जात नाही. पाठवणाऱ्याला राग येतो, येऊ दे.

आणि दर रविवारी सकाळी दहा ते बारा वाचनालयाच्या पुढच्या खोलीत एक टेबल मांडले जाते. औषधांच्या दुकानात बरीच वर्षे काम केलेले आपले एक सभासद आणि निवृत्त परिचारिका असलेल्या एक ताई तिथे बसतात. त्या उपचार सांगणार नाहीत, औषध बदलणार नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांनी जे लिहिले आहे तेच मराठीत, मोठ्या अक्षरांत, सकाळ-दुपार-रात्र अशा तीन रकान्यांत लिहून देतील आणि डॉक्टरांना पुन्हा विचारायचे प्रश्न कागदाच्या खाली लिहून देतील. पाकिटावर उभी लाल रेघ असेल ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे तर भाषा न येताही ओळखता येते, तीही दाखवतील. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात, रिकामी पाकिटेसुद्धा. काढ्याचे प्रमाण विचारू नये.

रकाने आखायचे काम काका करतात. पेढीवरची सवय, पट्टी न लावता सरळ रेघ येते. डाव्या डोळ्याने थोडा वेळ लागतो, म्हणून शक्यतो अकराच्या आधी यावे.